काचेतलं प्रवाळ आणि पंपाचं बटण



गेल्या चातुर्मासात मी मुलाकडे न्यू जर्सीला होते. परत आल्यावर बस्तीत भेटणारी प्रत्येकजण विचारते, "मग, काय काय बघितलंत?" मी सिद्धाचलम सांगते, नातवाची शाळा सांगते, साडेआठपर्यंत न मावळणारा सूर्य आणि त्यामुळे निवांत होणारी संध्याकाळची जेवणं सांगते. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. ती दोन वाक्यांत सांगता येत नाही आणि तिच्यात माझी एक चूक आहे. म्हणून आज सवडीने लिहायला बसले.

आपल्याकडे हॉलमध्ये जिथे टीव्ही असतो, तिथे मुलाच्या घरी काचेची एक मोठी टाकी आहे. पावणेतीनशे लिटरची. आत खारं पाणी, तळाशी पांढरी वाळू, काही खडक, दोन-तीन मासे, गोगलगायी आणि प्रवाळ. लॉकडाऊनमध्ये त्याला हा नाद लागला. फोनवर तो सांगायचा तेव्हा मला वाटायचं, मासे पाळलेत म्हणजे काय मोठंसं! तिथे गेल्यावर कळलं की मासे नुसते सोबतीला आहेत. सगळा जीव त्या प्रवाळांत.

आधीच सांगून ठेवते, हे वाचून कोणी आपल्या घरी असं काही करायला जाऊ नका. आपल्याकडे खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. तिकडे मात्र ती दुकानात रीतसर मिळतात.

टाकीत वाळूवर एक गोल वस्तू पडलेली होती. बशीएवढी, हिरवट, कडेला जांभळी झाक. मधोमध एक चीर. मला वाटलं शोभेचा दगड असेल. दुपारी दिवे पूर्ण लागले आणि ती वस्तू फुगायला लागली. तेलात सोडलेली पुरी कशी टम्म फुगते, तशीच, फक्त तासभर लावून. नातू म्हणाला, "आजी, ही आमची पुरी." दुकानातलं नाव प्लेट कोरल, म्हणजे थाळी-प्रवाळ. शास्त्रीय नाव फंजिया, तेही अळंबीवरून पडलेलं. सांगाड्यावर मध्यापासून कडेपर्यंत बारीक पाती असतात, अळंबीच्या छत्रीखाली असतात तशी. जी अळंबी आपल्या स्वयंपाकघरात कधी आली नाही, तिच्या नावाचा प्राणी मुलाच्या हॉलमध्ये बघायला मिळाला!

हो, प्राणी. मलाही हे पचायला वेळ लागला.

लहानपणी पाठशाळेत पृथ्वीकाय जीवांची नावं पाठ केली होती ना आपण? माती, वाळू, मीठ, लोखंड, तांबं, हिंगूळ... मूलाचारात पृथ्वीचे छत्तीस भेद सांगितले आहेत, त्यांत प्रवाळ आहे. म्हणजे एकेंद्रिय. आणि इथे ही पुरी फुगत होती, मिटत होती, तोंड उघडत होती. मुलाने समजावलं, की इतर बरीच प्रवाळं म्हणजे हजारो बारीक जीवांची वसाहत असते, ही मात्र अख्खी थाळी म्हणजे एकच जीव. मधली चीर म्हणजे तिचं तोंड. तेच तोंड, तेच बाहेर टाकायचं द्वार. लहानपणी ती एका देठावर खडकाला चिकटलेली असते, मोठी झाली की देठ सोडून वाळूवर येते आणि मग आयुष्यभर मोकळीच राहते. अंग फुगवून हळूहळू सरकतेसुद्धा.

मी दोन दिवस बेचैन होते. शास्त्र चुकलं म्हणायला जीभ रेटेना. मग लक्षात आलं, आपल्या पूर्वजांच्या हातात जे प्रवाळ आलं असेल ते वाळलेलं, दगड झालेलं. तिकडे युरोपातसुद्धा लोक त्याला वनस्पती समजत होते. पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १७२० च्या दशकात हा प्राणी आहे असं म्हटलं, तेव्हा त्याचं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. इंद्रियांचा हिशेब विद्वानांवर सोडते. मला एवढंच महत्त्वाचं वाटलं की आपल्याकडे त्या दगडालाही कोणी निर्जीव म्हटलं नाही.

तेव्हाच आईचं मंगळसूत्र आठवलं. काळ्या मण्यांत दोन लाल पोवळी होती. तेही समुद्रातल्या एका प्रवाळाचाच सांगाडा, पैलू पाडून गुळगुळीत केलेला. मोती नको, रेशीम नको म्हणणारी माझी आई, तिच्या गळ्यात जन्मभर ती दोन पोवळी होती. कोणाला माहीतच नव्हतं.

आता टाकीची रोजची कामं. मुलगा आणि सूनबाई दोघं नोकरीवर, नातू शाळेत. घरात मी एकटी. "आई, तुम्ही बघाल का जरा?" सूनबाईने विचारलं आणि मी पदर खोचला. खरं सांगते, मला ते काम आवडलं. बी.कॉम. झाल्यावर लग्नापर्यंत दोन वर्षं मी एका आडत दुकानाची वही लिहायची. टाकीची वही त्याहून वेगळी नव्हती.

पहिली गोष्ट पाण्याची. टाकीतून रोज तीन-चार लिटर पाणी वाफ होऊन जातं. पाणी जातं, मीठ मागेच राहतं. म्हणून वरून भरायचं ते गोडं पाणीच, आणि तेही गाळून गाळून अगदी निव्वळ केलेलं. आमटी आटली तर आपण त्यात मिठाचं पाणी घालतो का? तसंच. समुद्राच्या पाण्यात हजारात पस्तीस भाग मीठ असतं, तेवढं कायम राखायचं. पाणी गाळून वापरायची सवय आपल्याला शिकवावी लागत नाही, पण इथलं गाळणं नळातली औषधं आणि क्षारसुद्धा काढून टाकतं.

दुसरी गोष्ट चुन्याची. ही प्रवाळं पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात आणि त्याचा सांगाडा बांधतात. म्हणजे खात्यातून रोज उचल चालूच. तेवढा भरणा केला नाही तर शिल्लक घसरते. दर दोन दिवसांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, रंग बदलेपर्यंत मोजायचे आणि आकडा लिहायचा. अल्कलिनिटी आठ ते नऊ, कॅल्शियम चारशेवीसच्या आसपास. आकडा थोडा कमी-जास्त असला तरी चालतो, एकदम उडी मारलेली चालत नाही. नवीन पैसा आला म्हणून एका दिवसात उधळणाऱ्या घरासारखं होतं मग. मी एक वही घातली. तारीख, मीठ, तापमान, आकडे, शेरा. मुलाने पाच वर्षांत जे केलं नव्हतं ते मी पंधरा दिवसांत लावून दिलं, असं तोच म्हणाला.

तिसरी गोष्ट खाण्याची. आणि इथे गाडं अडलं.

थाळीचं बरंचसं पोट उजेडावर भरतं. तिच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. उजेड पडला की ते शेवाळ साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा तिला देतं. ती त्याला आसरा देते, ते तिला अन्न देतं. समुद्र फार तापला की हेच शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. जगात असाही जीव आहे जो उजेडावर जगतो! पण मुलाने पुढचं वाक्य सांगितलं, "आई, तरी आठवड्यातून एक-दोनदा तिला मांसाहारी खाणं लागतं."

ते खाणं म्हणजे मायसिस. तांदळाच्या दाण्याएवढ्या, कोळंबीसारख्या जीवांच्या गोठवलेल्या वड्या. मी यायच्या आधी मुलाने त्यासाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीज घेऊन ठेवला होता. मला न विचारता, न सांगता. घरातल्या फ्रीजरमध्ये माझ्या हातच्या पुरणाशेजारी ते नको म्हणून. हे कळलं तेव्हा रागवायचं की कौतुक करायचं ते सुचेना.

मी सांगून टाकलं, पाणी मी बघीन, आकडे मी बघीन, त्या खाण्याला मात्र हात लावणार नाही. दोघांनी मान्य केलं. मंगळवारी आणि शनिवारी रात्री मुलगा लांब चिमट्याने खाऊ घालायचा आणि मी त्या वेळी आत जाऊन सामायिक करायची. माझे हात स्वच्छ होते. मला तसं वाटत होतं.

भाद्रपद आला. दशलक्षण पर्व सुरू झालं आणि नेमकं त्याच वेळी मुलाला कामासाठी दोन आठवडे कॅलिफोर्नियाला जावं लागलं. जाताना म्हणाला, "आई, दोन आठवडे खाणं दिलं नाही तरी तिला काही होत नाही. उजेड पुरेसा आहे. तू फक्त तिला हात लावू नकोस. काहीही झालं तरी." मला हसू आलं. मी कशाला हात लावायला जाते?

सहावा दिवस, उत्तम संयमाचा. धूपदशमी. माझं एकासन होतं. पूजा आटोपून टाकीशी आले तर थाळी वाळूने झाकलेली! टाकीत एक मासा आहे, तो तोंडात वाळू भरतो, चाळतो आणि कल्ल्यांतून सोडतो. त्याने अख्खा ढीग हिच्या अंगावर घातला होता. खालून ती फुगत होती, धडपडत होती. निदान मला ती धडपड दिसली.

मैत्रिणींनो, आता मला माहीत आहे की ती तिची रोजची रीत आहे. थाळीचा जन्मच वाळूवरचा. अंगावर वाळू पडली की ती पाण्याने फुगते, अंगावरचे बारीक केस हलवते, बुळबुळीत स्राव सोडते आणि तास-दोन तासांत वाळू झटकून मोकळी होते. कोणी मदत करावी लागत नाही. पण तेव्हा मला वाटलं, जीव गुदमरतोय आणि आपण पर्वात बसून बघतोय. मी हात धुतले, बाही वर केली, हात घातला आणि तिला उचललं. वाळू झटकायला म्हणून पाण्याबाहेर काढलं.

पाण्यात फुगलेलं अंग पाण्यानेच तोललेलं असतं. बाहेर काढल्यावर ते सगळं ओझं खाली लोंबलं. आत सांगाड्याची ती करवतीसारखी पाती. मऊ अंग त्यांवर पडलं आणि फाटलं. मला आवाज आला नाही, रक्त दिसलं नाही. फक्त माझ्या बोटांना काहीतरी सुटल्यासारखं कळलं. घाईने परत ठेवलं. ती मिटली, अगदी सांगाड्याला चिकटून बसली.

दुसऱ्या दिवशी एका कडेला तपकिरी, शेंबडासारखा थर आला. तिसऱ्या दिवशी त्याखाली पांढरा सांगाडा दिसायला लागला. दुर्गंधी सुटली. सूनबाईने व्हिडिओ करून मुलाला पाठवला. त्याने विचारलं, "कशाने झालं?" सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. तिला माहीत नव्हतं. दुपारी घरात मी एकटीच होते. मासा, वाळू, पंप, कशावरही ढकलता आलं असतं. कोणी साक्षीदार नव्हतं.

आर्जव धर्माचा दिवस होऊन चार-पाच दिवसच झाले होते. सरळपणावर तासभर प्रवचन ऐकलं होतं ऑनलाइन, माना डोलावल्या होत्या. तरी ते वाक्य तोंडातून निघायला मला पाणी प्यावं लागलं. "मी उचललं तिला. तू नको म्हटलं असताना."

पलीकडे शांतता. मग मुलगा म्हणाला, "बरं. मी सांगतो तसं कर."

पुढचे पाच दिवस आम्ही दोघी त्याच्या सांगण्याप्रमाणे करत होतो. मोठ्या ड्रॉपरने तो तपकिरी थर हलकेच ओढून काढायचा, टाकीत पसरू द्यायचा नाही. रोज थोडं पाणी बदलायचं, नवं पाणी मीठ आणि तापमान जुळवूनच घालायचं. त्या वाळूच्या माशाला जाळीपलीकडे केलं. बाकी हात लावायचा नाही. बाकी हात लावायचा नाही हेच सगळ्यात अवघड. आजारी लेकराच्या कपाळावर हात ठेवल्याशिवाय आपल्याला चैन पडतं का?

अनंत चतुर्दशीपर्यंत थर यायचा थांबला. थाळीचा दोन-तृतीयांश भाग पांढरा पडला होता. उरलेल्या तुकड्यात तोंड शाबूत होतं.

क्षमावाणीला मुलगा परतला. आम्ही एकमेकांना उत्तम क्षमा म्हटलं. दरवर्षी म्हणतो, फोनवर शंभर जणांना म्हणतो. या वर्षी म्हणताना पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर नेमका एक अपराध होता. मग टाकीपुढे बसून तिलाही म्हटलं. सूनबाई हसली नाही, याबद्दल तिचे आभार.

खरा प्रश्न पुढेच होता. मुलगा म्हणाला, अंगातलं शेवाळही दोन-तृतीयांश गेलं, उजेडाची कमाई तेवढी कमी झाली. जखम भरून यायची तर आता खाणं जास्त लागेल, अगदी बारीक तुकडे, नियमाने. त्याला ऑफिसातून यायला रोज उशीर. म्हणून सूनबाई चिमटा धरायची. खाऊ घालताना आधी पंप बंद करावा लागतो, नाहीतर प्रवाहात तुकडा वाहून जातो. तुकडा तोंडाजवळ ठेवला की पंधरा-वीस मिनिटं लागतात. कातडी हळूच सरकते, तुकडा चिरेकडे जातो, चीर उघडते. तोवर कोणीतरी बघत बसायचं, मासे पळवत नाहीत ना म्हणून. मग पंप परत चालू. सूनबाईचा एक हात पाण्यात, दुसऱ्यात बॅटरी. पंपाचं बटण टाकीच्या मागे.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आई, जरा बटण दाबता?" आणि मी दाबलं.

रात्री झोप आली नाही. कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, कोणी केलं त्याला होकार देणं. तिन्हींचा बंध सारखाच, हे आपण पाठशाळेतल्या मुलांना शिकवतो. मग दोन महिने मी आत सामायिक करत होते तेव्हा काय होत होतं? मुलगा देतोय हे माहीत होतं, थाळी फुगलेली बघून आनंद होत होता, वहीत "तब्येत उत्तम" असा शेरा माझ्याच अक्षरात होता. चिमटा धरला नाही एवढंच. हात स्वच्छ नव्हतेच कधी, फक्त कोरडे होते.

मग मी उलटाही विचार केला. तिला उपाशी ठेवलं तर? दगा देऊन तिला मी जखमी केलं, आणि आता माझा नियम शुद्ध राहावा म्हणून ती खंगत मरू दे, हे कुठल्या अहिंसेत बसतं? आणि दिलं, तर ते तांदळाच्या दाण्याएवढे जीव कोणाचे? त्यांची क्षमा कोण मागणार?

दिल्लीला लाल मंदिरात गेलो होतो तेव्हा तिथलं पक्ष्यांचं रुग्णालय बघितलेलं आठवलं. आपल्याच समाजाने चालवलेलं. कबुतरं, पोपट, चिमण्या तिथे दाखल करून घेतात. घार, ससाणा आला तर त्याच्यावरही उपचार करतात, पण ठेवून घेत नाहीत. मलमपट्टी करून लगेच पाठवतात. ठेवला तर मांस घालावं लागेल. तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. आता वाटतं, त्यांनी खूप विचार केला असणार. घारीला परत जायला आभाळ आहे. या थाळीला काचेबाहेर काय आहे? ती इंडोनेशियाच्या समुद्रातून काढलेली, दुकानदाराने मुलाला तसं सांगितलं होतं. परत नेऊन सोडायचं म्हटलं तरी टाकीतले रोग समुद्रात जातात म्हणून तसं करत नाहीत. तिला आत आणलं त्याच दिवशी तिच्या घासाची जबाबदारी आपण घेतली. प्रश्न चिमटा कोण धरतं याचा नव्हताच. तो दुकानाच्या दारात सुटायला हवा होता.

मी हे मुलाला सांगितलं. उपदेश म्हणून नाही, माझा हिशेब म्हणून. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टाकी बंद करणार नाही आई, आत आहेत त्यांचं काय करू? पण समुद्रातून काढलेलं आता नवीन आणणार नाही." नुसतं बोलला नाही, सूनबाईसमोर बोलला. मला तेवढं पुरे. संसारी माणसाचं व्रत अणुव्रतच असतं. सगळं सुटत नाही, पण एक दार बंद करता येतं.

आणि मी? चिमटा मी शेवटपर्यंत धरला नाही. माझ्याने झालं नाही. पण आत निघून जायचं बंद केलं. बटण मीच दाबायची, ती वीस मिनिटं स्टुलावर बसून राहायची, त्या दाण्याएवढ्या जीवांसाठी मनात नवकार म्हणायची आणि वहीत तारीख लिहायची. शेऱ्यात "तब्येत उत्तम"च्या जागी "अन्न दिले, अमुक तुकडे" असं लिहायला लागले. खर्चाची बाजू लपवून नुसती जमा दाखवणारी वही आमच्या शेटजींनी फेकून दिली असती.

ऑक्टोबरमध्ये मी परत आले. निघताना मुलगा पांढरा झालेला भाग तोडून टाकणार असेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "नाही, तो तसाच ठेवायचा. प्लेट कोरलचा सांगाडा मेला वाटतो, पण कधी कधी त्यातून काही निघतं." मी मनात म्हटलं, आईचं मन राखतोय.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी व्हिडिओ कॉल आला. नातवाने फोन काचेला टेकवला होता. "आजी, बघ बघ." मला आधी काही दिसेना. मग त्याने बॅटरी मारली. पांढऱ्या हाडावर, कडेजवळ, मुगाच्या डाळीएवढे चार हिरवे ठिपके. प्रत्येकाला मधोमध एक चीर. मुलाने मागून सांगितलं, सांगाड्याच्या फटीत कुठेतरी कणभर जिवंत अंश उरलेला असतो, त्यातून हे कोंब फुटतात. देठावर वाढतील, मोठे झाले की सुटून वाळूवर येतील.

मी इतकी हसले की स्वयंपाकघरातून आमचे हे बाहेर आले. मग फोन ठेवला आणि माझ्यातली वहीवाली जागी झाली. चार नवी तोंडं. प्रत्येकाला घास लागणार.

ज्यांच्या लेकीसुना परदेशी आहेत आणि घरी असं काही पाळलेलं आहे, त्यांनी माझ्या चुकीतून एवढं घ्या. थाळीला खडकावर ठेवू देऊ नका, तिची जागा वाळूवर, आणि शेजारच्या दंश करणाऱ्या प्रवाळापासून हातभर लांब. फुगलेली असताना उचलू नका, पाण्याबाहेर तर कधीच काढू नका. हलवायचीच असेल तर ती पूर्ण मिटू द्या आणि पाण्यातल्या पाण्यात कडेने धरा. वाळू पडली तर वाट बघा. पांढरी पडली तरी फेकू नका. आणि अजून घेतलं नसेल, तर घेण्याआधी विचारा की हिला घास कोण घालणार, आणि तो घास कशाचा.

परवा नातवाने विचारलं, "आजी, चौघांची नावं काय ठेवायची?" मी म्हटलं, थांब, आधी जगू दे. पुढच्या चातुर्मासात आले की बघू. बटण दाबायला माणूस लागेलच.

जय जिनेंद्र.